वाचकांचे प्रश्न : चौकात कोण आलं, आणि केव्हा

गेल्या अंकात इजिप्तवर थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचताना जाणवलं की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न आहे. निवडणुका होतात पण सत्ता बदलत नाही, विरोधी पक्ष असतात पण त्यांचे नेते कधीही उचलले जाऊ शकतात, अशा देशात लोक रस्त्यावर उतरले की धर्माच्या पायावर राजकारण करणाऱ्या संघटना काय करतात? अशा राजवटीला मी निमहुकूमशाही म्हणते. नागपुरात तेहतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, त्यातली शेवटची बारा-तेरा या एकाच विषयात गेली. जागेत बसतील तेवढी पत्रं घेते.

ताई, तुम्ही ‘इस्लामवादी’ असा शब्द वापरता. मासिक आमच्या दुकानावर येतं, चहाला बसणारे विचारतात, हे आपल्याबद्दल लिहिलंय का? फरक साध्या भाषेत सांगा.
(कापड दुकानदार, मोमिनपुरा)

भाई, तुमच्याबद्दल नाही लिहिलेलं, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. मुसलमान असणं हा धर्म आहे. इस्लामवाद हा राजकीय कार्यक्रम आहे: राज्याचा कायदा, शिक्षण, समाजाची घडी इस्लामच्या तत्त्वांवर बसवावी असं मानणारा. जगातले बहुसंख्य मुसलमान अशा कुठल्या संघटनेचे सभासद नाहीत. २०११ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्ध लोक कैरोच्या तहरीर चौकात उतरले, तेव्हा तिथे नमाजाच्या रांगांत उभे असलेल्यांमध्ये डावे होते, जुने राष्ट्राध्यक्ष नासर यांना मानणारे होते, गिरणी कामगार होते, कुठल्याच पक्षात नसलेली पोरं होती. आणि ते नमाज पढत असताना कॉप्टिक ख्रिश्चनांनी हातात हात घालून त्यांच्याभोवती कडं केलं होतं.

इस्लामवाद्यांतही बंदुकीवर विश्वास असलेले वेगळे आणि मतपेटी, मोर्चा, दवाखाना या वाटेने जाणारे वेगळे. मी इथे लिहिते ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. त्यातली सर्वांत जुनी मोठी संघटना मुस्लिम ब्रदरहुड. हसन अल-बन्ना नावाच्या शाळामास्तरांनी ती १९२८ मध्ये सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलिया गावात काढली. ‘मुस्लिम संघटना’ असं मोघम लिहिलं की वाचणारा तुमच्या दुकानाकडे बघतो. म्हणून मी तो शब्द टाळते, आणि टाळत राहणार.

नमस्कार मॅडम. मी एम.ए.चा शोधनिबंध लिहिते आहे. ऐंशी वर्षं जुनी, देशभर पसरलेली ब्रदरहुड २५ जानेवारी २०११ ला मागे का राहिली आणि २८ ला का आली? याला भीती म्हणायचं की हुशारी?
(विद्यार्थिनी, काटोल)

तुझं पत्र वाचून मला माझाच एक वर्ग आठवला. २७ जानेवारी २०११, गुरुवार. आदल्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुटी होती, त्यामुळे मुलं दोन दिवसांच्या बातम्या एकदम घेऊन आली होती. एकीने तुझ्या प्रश्नाचा पहिला भागच विचारला. मी फळ्यावर १९४८, १९५४, १९६५ अशी दडपशाहीची वर्षं लिहिली आणि ठासून सांगितलं की ही संघटना पोळलेली आहे, ती उतरणार नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवारच्या नमाजानंतर ती सगळ्या ताकदीनिशी उतरली. सोमवारी मी वर्गात उभं राहून चूक कबूल केली. तेव्हापासून ‘उतरणार की नाही’ असा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. गमावण्यासारखं काय आहे, आणि घरी बसण्याची किंमत उतरण्याच्या किमतीपेक्षा कधी जास्त होते, एवढंच बघते.

त्यांच्याकडे गमावण्यासारखं पुष्कळ होतं. मुबारक यांच्या राज्यात ब्रदरहुड कागदावर बेकायदा होती, पण तिचे डॉक्टर, इंजिनीअर, वकील आपापल्या व्यावसायिक संघटनांच्या निवडणुका जिंकत. ऑक्टोबर १९९२ मध्ये कैरोत भूकंप झाला तेव्हा सरकारी यंत्रणा हलायच्या आत या संघटनांचे तंबू आणि औषधं वस्त्यांत पोचली होती. सरकारला ती मदत झोंबली, आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघटनांना वेसण घालणारा कायदा आला. २००५ मध्ये ब्रदरहुडची माणसं अपक्ष म्हणून उभी राहिली आणि ८८ जागा जिंकली, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश संसद. तीही एक तृतीयांशाच्या आसपासच जागा लढवून. बहुमत मिळूच नये असा तो बेत होता. आपण जास्त वाढलो तर कापले जाऊ, हे त्यांना पाठ होतं. ‘सहभाग, वर्चस्व नव्हे’ अशी त्यांची त्यासाठी घोषणाच होती. २०१० च्या निवडणुकीत मात्र पहिल्या फेरीत एकही जागा मिळू दिली गेली नाही आणि त्यांनी दुसऱ्या फेरीवर बहिष्कार टाकला.

म्हणजे जानेवारीत संसदेतलं काहीच हातात उरलं नव्हतं, पण दवाखाने, शाळा, तुरुंगात असलेल्यांची कुटुंबं पोसणारी व्यवस्था, हे सगळं होतं. म्हणून २५ तारखेला तरुण सभासदांना ‘स्वतःच्या जबाबदारीवर जा’ अशी मुभा मिळाली, संघटनेचा झेंडा मिळाला नाही. पण गृहखात्याने त्याच दिवशी सगळ्याचं खापर ब्रदरहुडवर फोडलं. घरी बसूनही आळ चुकत नव्हता, आणि रस्त्यावरची गर्दी कोणी कल्पना केली नव्हती एवढी वाढली होती. २८ च्या पहाटे त्यांचे अनेक नेते पकडले गेले. त्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मोहम्मद मोर्सीही होते. तोवर निर्णय झालेला होता.

आता तुझ्या निबंधात जे जरूर यायला हवं ते सांगते. उतरताना त्यांनी काय काय घरी ठेवलं ते बघ. दोन तलवारींचं चिन्ह चौकात दिसलं नाही. १९८७ पासून प्रत्येक निवडणुकीत गाजवलेली ‘इस्लाम हाच उपाय’ ही घोषणा ऐकू आली नाही. घोषणा सगळ्यांची होती: भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. २ फेब्रुवारीला घोड्या-उंटांवरून हल्ला झाला तेव्हा रात्रभर अडथळे राखणाऱ्यांत ब्रदरहुडची पोरं पुढे होती, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केलं. ती शिस्त वर्षानुवर्षांच्या ‘उसरा’तून आली होती. उसरा म्हणजे कुटुंब. मूठभर सभासदांचा असा गट दर आठवड्याला भेटतो, आणि वरून आलेला शब्द खालपर्यंत पोचतो.

मग आली ६ फेब्रुवारी. उपराष्ट्राध्यक्ष ओमर सुलेमान यांनी बोलणीसाठी बोलावलं आणि ब्रदरहुडचे प्रतिनिधी गेले. चौकातली माणसं बाहेर, हे आत. नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं की यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात, टेकडी रोडला बॅरिकेडपाशी अडवले जातात, लोक डांबरावर बसतात आणि चार-पाच जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं. तू कधी त्या बसलेल्यांमध्ये बसली असशील तर तुला माहीत असेल, शिष्टमंडळ परत येईपर्यंत सगळ्यांच्या मनात एकच असतं: आत काय ठरलं? आपला देश आणि मुबारक यांचा इजिप्त यांची तुलना मी करत नाही. पण बाहेर बसलेल्याच्या पोटातली ती शंका सगळीकडे सारखी असते, आणि इजिप्तमध्ये त्या दिवशी ती जन्माला आली.

अठरा दिवसांच्या आंदोलनानंतर मुबारक पायउतार झाले आणि सत्ता लष्कराकडे गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये ती शंका पक्की झाली. संसदेच्या निवडणुकीला दिवस उरले असताना तहरीरलगतच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर तरुण आणि पोलीस यांच्यात झुंज पेटली. छऱ्यांनी कित्येकांचे डोळे गेले. ब्रदरहुडने आपली माणसं पाठवली नाहीत, कारण निवडणूक पुढे ढकलली जाऊ नये. निवडणूक झाली, त्यांचा ‘स्वातंत्र्य आणि न्याय’ पक्ष सर्वांत मोठा ठरला. राष्ट्राध्यक्षपद लढवणार नाही असा शब्दही दिला होता. तो मोडून स्वतः उभं राहायचं ठरवणाऱ्या अब्देल मोनेम अबुल फुतूह या आपल्याच नेत्याला त्यांनी २०११ मध्ये काढून टाकलं होतं. मार्च २०१२ च्या शेवटी संघटनेने स्वतःच खैरात अल-शातेर यांचं नाव जाहीर केलं, ते बाद ठरल्यावर मोर्सी आले आणि जूनमध्ये सुमारे ५१.७ टक्के मतांनी निवडून आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मोर्सींनी आपले हुकूम न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारा हुकूमनामा काढला. तेव्हा चौक पुन्हा भरला, पण या वेळी त्यांच्या विरोधात.

३ जुलै २०१३ ला लष्कराने मोर्सींना हटवलं. १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकात मोर्सींच्या समर्थकांच्या धरण्यावर गोळ्या चालल्या. ह्यूमन राइट्स वॉचने त्या एका दिवसात, त्या एका चौकात किमान ८१७ माणसं मारली गेल्याची नोंद केली आहे. ब्रदरहुडच्या कुठल्याही राजकीय चुकीने त्या हत्याकांडाचं समर्थन होत नाही, आणि निबंधात तसं सुचवणारं एकही वाक्य येऊ देऊ नकोस. पण तू विचारलंस भीती की हुशारी, म्हणून सांगते. जी सावधगिरी बंदीच्या काळात त्यांना जगवत आली, तीच मोकळ्या काळात त्यांना एकटं पाडून गेली. गुप्तपणे हिशेब करायची, शब्द राखून बोलायची, वरच्याचं ऐकायची सवय अठरा दिवसांत सुटत नाही.

मोरोक्को आणि जॉर्डनमध्येही २०११ ला मोर्चे निघाले, पण राजे टिकले. तिथल्या इस्लामवाद्यांनी काय केलं?
(निवृत्त बँक अधिकारी, उमरेड)

राजा असलेल्या देशात एक अडचण जास्तीची असते. मोरोक्कोचा राजा ‘श्रद्धावंतांचा सेनापती’ ही पदवी धारण करतो, जॉर्डनचं हाशेमी घराणं पैगंबरांच्या वंशाचं आहे. धर्माच्या नावाने बोलायचं तर तिथे राजा आधीच बसलेला असतो.

मोरोक्कोत त्यामुळे दोन संघटनांनी दोन वाटा धरल्या. ‘न्याय आणि विकास’ पक्षाचे अब्देलइलाह बेनकिरान यांनी २० फेब्रुवारीच्या आंदोलनात पक्ष उतरणार नाही असं जाहीर केलं. तरुण सभासद चिडले, काही गेलेही. ९ मार्चला राजे मोहम्मद सहावे यांनी नव्या राज्यघटनेचं आश्वासन दिलं, १ जुलैला सार्वमत झालं. त्या घटनेनुसार सर्वांत मोठ्या पक्षातूनच पंतप्रधान निवडणं राजावर बंधनकारक झालं. नोव्हेंबरात ३९५ पैकी १०७ जागा जिंकून बेनकिरान पंतप्रधान झाले. रस्त्यावर न उतरलेल्या पक्षाला रस्त्याने खुर्चीपर्यंत नेलं.

दुसरी संघटना ‘न्याय आणि परोपकार’. तिचे संस्थापक अब्देसलाम यासीन यांनी १९७४ मध्येच राजे हसन दुसरे यांना सुनावणारं खुलं पत्र लिहिलं होतं. ही संघटना राजाची धार्मिक पदवीच मानत नाही, निवडणूक लढवत नाही. ती मोर्च्यांत डाव्यांच्या खांद्याला खांदा लावून उतरली आणि डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडली. तिने माणसं काढून घेतल्यावर मोर्चे ओसरले. गर्दी कोणाची होती ते त्या महिन्यात उघड झालं.

बेनकिरान यांच्या वाटेचा शेवटही बघायला हवा. २०१६ मध्ये पक्षाला १२५ जागा होत्या, २०२१ मध्ये १३ उरल्या. मधल्या काळात डिसेंबर २०२० मध्ये इस्रायलशी संबंध पूर्ववत करण्याच्या कागदावर सही करावी लागली ती याच पक्षाचे पंतप्रधान सादेद्दीन ओथमानी यांना. निर्णय राजवाड्याचा, सही पक्षाची. पॅलेस्टाइनसाठी आयुष्यभर घोषणा दिलेल्या कार्यकर्त्याला ती सही कशी पचावी?

जॉर्डनचं थोडक्यात. तिथल्या ब्रदरहुडने घोषणेतला एकच शब्द बदलला. इतरत्र ‘लोकांना व्यवस्था पाडायची आहे’, इथे ‘लोकांना व्यवस्था सुधारायची आहे’. नोव्हेंबर २०१२ मध्ये इंधन महागल्यावर काही तरुण राजाविरुद्ध ओरडले, तरी संघटना आपल्या शब्दावर राहिली. १९८९ मध्ये ८० पैकी २२ जागा जिंकल्यावर सरकारने १९९३ मध्ये मतदानाची पद्धतच बदलली होती. त्यानंतर कधी लढायचं, कधी बहिष्कार, असं चाललं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाने १३८ पैकी ३१ जागा जिंकल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारने ब्रदरहुडवर बंदी घातली.

माझा मुलगा क्वालालंपूरला नोकरीला आहे. तो सांगतो, तिथे पिवळे टी-शर्ट घालून मोर्चे निघायचे आणि त्यात पास नावाचा इस्लामी पक्षही असायचा. चिनी आणि मलय एकत्र कसे चालले?
(गृहिणी, मनीष नगर)

तुमच्या मुलाने बरोबर सांगितलं. ते आंदोलन म्हणजे मलेशियातलं बरसिह, मलय भाषेत ‘स्वच्छ’. मागणी स्वच्छ निवडणुकांची. पहिला मोर्चा १० नोव्हेंबर २००७ ला, दुसरा ९ जुलै २०११ ला. दुसऱ्याच्या आधी सरकारने पिवळ्या टी-शर्टवरच बंदी आणली होती, तरी लोक अश्रुधुरात चालले.

पास पक्षाला या एकत्र चालण्याचा फायदा कळलेला होता. २०११ च्या अधिवेशनात त्यांनी ‘इस्लामी राज्या’ऐवजी ‘कल्याणकारी राज्य’ हा शब्द पुढे केला. चिनी मतदाराला पहिला शब्द धडकी भरवायचा, दुसरा चालायचा. आणि त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी बाकी पक्षांकडे नव्हती: युनिट अमाल ही स्वयंसेवकांची फळी. मोर्च्यात दोर धरणं, म्हाताऱ्यांना बाजूला काढणं, गर्दी दाबली जाणार नाही हे बघणं, ही कामं त्यांची.

काकू, याचं मोल आपल्याला कळायला हवं. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच नागपुरात मोर्च्यातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले. त्यात बायका होत्या, लहान लेकरं होती. सीताबर्डीतल्या स्मारकावरून जाताना माझी पावलं आजही थबकतात. दोर धरणारी शंभर शिस्तीची माणसं म्हणजे काय, हे ज्याने ती संध्याकाळ पाहिली त्याला विचारावं. म्हणून पासच्या विचारांशी माझं पटत नसलं, तरी त्या स्वयंसेवकांबद्दल मी आदरानेच लिहीन.

पुढे २०१५ च्या मार्चमध्ये केलांतान राज्याच्या विधानसभेत पासने हुदूद, म्हणजे शरियाच्या शिक्षांचा कायदा पुढे रेटला. चिनी मतदारांवर उभा असलेला डीएपी पक्ष दुरावला, जूनमध्ये आघाडी मोडली. पासमधले नेमस्त बाहेर पडले आणि त्यांनी अमानाह पक्ष काढला. त्याच ऑगस्टच्या चौथ्या बरसिहला पास गेला नाही, आणि त्या गर्दीत मलय चेहरे डोळ्यांत भरण्याइतके कमी होते. मुलाला विचारा, तो तेव्हा तिथे असेल तर त्याला आठवेल.

तुम्ही फार समजून घेऊन लिहिता. मला वाटतं हे सगळं सोंग आहे. सत्ता मिळेपर्यंत लोकशाही, मिळाल्यावर खरा रंग. तुमचं स्वतःचं मत काय?
(नाव न छापण्याची विनंती)

माझं मत लपवण्यासारखं नाही. धर्मग्रंथावर उभं राहिलेलं राज्य, मग तो ग्रंथ कुठलाही असो, मला मान्य नाही. मी बाई आहे, आणि अशा राज्यात पहिली कात्री कोणाच्या हक्कांना लागते हे मला ठाऊक आहे. पण सोंग आहे की नाही हे ठरवायला मनात शिरावं लागतं, आणि ते मला जमत नाही. मी एवढंच बघू शकते की बदललेला शब्द महाग पडू लागला तेव्हा संघटनेने तो ठेवला की टाकला.

ट्युनिशियाच्या अन्नहदा या इस्लामवादी पक्षाकडे बघा. तिथले हुकूमशहा बेन अली यांनी तिला देशात शिल्लकच ठेवलं नव्हतं, नेते राशिद घन्नूशी वीस वर्षांहून अधिक काळ परदेशात. डिसेंबर २०१० मध्ये सिदी बूझिद या गावातून उठलेला, बेन अलींना घालवणारा उठाव कामगार संघटनेच्या स्थानिक शाखांनी, वकिलांनी आणि बेकार तरुणांनी पुढे नेला. अन्नहदा त्यात संघटना म्हणून नव्हतीच. पण २००५ मध्ये, राजवट भक्कम असताना, ती डाव्यांबरोबर बसू लागली आणि पुढे स्त्रियांचे हक्क आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य यांवर त्यांनी लेखी सहमती केली होती. इजिप्तमध्ये जी ओळख चौकात अठरा दिवसांत करून घ्यावी लागली, ती इथे सहा वर्षं आधी झाली होती.

ऑक्टोबर २०११ मध्ये घटना समितीच्या निवडणुकीत अन्नहदाला २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या. मार्च २०१२ मध्ये घटनेत शरियाचा उल्लेख नको असं पक्षाने मान्य केलं. त्याच उन्हाळ्यात मसुद्यात स्त्रीला पुरुषाची ‘पूरक’ म्हणणारं कलम आलं, १३ ऑगस्टला ट्युनिसच्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि ते कलम गेलं. २०१३ मध्ये शोक्री बेलईद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, संसदेसमोर महिनाभर धरणं बसलं, तिकडे कैरोत मोर्सी पडले होते. जानेवारी २०१४ मध्ये अन्नहदाने हातातलं सरकार सोडलं आणि नव्या घटनेच्या बाजूने मत दिलं. भीतीपोटी सोडलं असं तुम्ही म्हणाल. असेल. पण सत्ता मिळाल्यावर जे होणार असं तुम्ही म्हणता, ते इथे झालं नाही.

तरी ही गोष्ट इथे गोड होत नाही. पुढची सात वर्षं अन्नहदा जुन्या राजवटीच्या माणसांबरोबर सरकारं बनवत राहिली, २०१६ मध्ये तिने धर्मकार्य आणि राजकारण वेगळं केलं, पण बेकारी होती तिथेच होती. ३० जानेवारी २०११ ला घन्नूशी परतले तेव्हा विमानतळावर हजारो लोक लोटले होते. २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली. सभापती असलेले घन्नूशी रात्रीच संसदेच्या फाटकाशी गेले. सैनिकांनी फाटक उघडलं नाही. ऐंशीच्या घरातला तो माणूस गाडीत बसून राहिला आणि लोकांना रस्त्यावर उतरण्याची हाक देत राहिला. लोक त्या रात्री ट्युनिसच्या रस्त्यांवर होतेच, पण बहुतेक सईद यांच्या निर्णयाच्या आनंदात भोंगे वाजवत होते.